उजवीकडे कललेली गाडी

मुरारच्या आमच्या घरात फाटकातून आत आलं की पत्र्याच्या छपराखाली एक पांढरी अँबॅसडर उभी असते. १९७८ सालची, मार्क थ्री. नानांनी ती १९८६ मध्ये बिर्लानगरच्या गिरणीतल्या एका अधिकाऱ्याकडून जुनी विकत घेतली. नाना त्याच गिरणीत हिशेब खात्यात होते. ग्वाल्हेरच्या मराठी मुलापुढे त्या काळी मोजक्याच वाटा असत. ए. जी. ऑफिस, शाळा-कॉलेजातली मास्तरकी, नाहीतर जियाजीराव कॉटन मिल. गिरणी बिर्लांची आणि अँबॅसडर काढणारी हिंदुस्थान मोटर्सही बिर्लांचीच. त्यामुळे 'आपला पगार आणि गाडी एकाच घरची' असं नाना म्हणत, आणि हा विनोद त्यांनी तीस वर्षांत निदान तीनशे वेळा केला असेल.

गिरणी केव्हाच बंद पडली. अँबॅसडरचा उत्तरपाड्याचा कारखानाही मे २०१४ मध्ये थांबला. नाना २०१६ मध्ये गेले. गाडी मात्र राहिली, आणि राहिली ती उजवीकडे कललेली.

कलणं म्हणजे फार नव्हे. मागून पाहिलं तर उजवा मडगार्ड चाकावर जरा जास्त उतरलेला, डावा जरा वर. एखादा माणूस खांद्यावर जड पिशवी घेऊन उभा राहतो तसं. नव्या माणसाच्या ते लक्षातही येत नसे. पण मागच्या सीटला नानांनी हौसेनं रेग्झिनचं कव्हर घातलेलं, आणि आई नेहमी डाव्या खिडकीशी बसणारी. ती म्हणायची, "तुमच्या गाडीत मी बसते माझ्या जागी आणि उतरते नानांच्या मागून." मग ती डावा हात खिडकीच्या कडेला घट्ट धरून बसायला लागली. ती सवयच झाली.

या कलण्याचं कारण आमच्या घरात सर्वांना ठाऊक होतं. कारण म्हणजे दादा.

दादानं २००८-०९ मध्ये थाटीपूरला स्वतःचं घर बांधलं. थाटीपूर आमच्यापासून काही लांब नाही. बांधकामाच्या काळात तो नानांची गाडी नेई आणि डिकीत सिमेंटची पोती, फरशा, नळाचे पाइप, काय वाट्टेल ते भरून आणी. सिमेंटचं एक पोतं पन्नास किलोचं. चार पोती घातली की डिकीत दोनशे किलो झाले, म्हणजे तीन धडधाकट माणसं मागच्या चाकांच्याही मागे बसवल्यासारखं. मी तेव्हा बँकेच्या नोकरीत नाशिकला होतो. २००९ च्या दिवाळीत घरी आलो, गाडी मागून पाहिली आणि पाडव्याला जेवताना सर्वांसमोर म्हणालो, "दादानं नानांच्या गाडीचं गाढव केलं. उजवा पाटा बसलाय बघा."

दादाचा घास हातात राहिला. तो काही बोलला नाही. वहिनीनं पानात खाली बघितलं. नानांनी आमटी मागितली.

त्यानंतर दादानं ती गाडी कधी नेली नाही. तो येई, सणावाराला येई, आईला औषधं आणून देई. पण आपली स्कूटर फाटकाबाहेर लावून येई आणि छपराकडे न बघता आत येई. मी त्यानंतरही दोन-तीनदा तो सिमेंटचा विषय काढला, हसत हसत. धाकट्या भावाला थट्टेचा परवाना असतो अशी माझी समजूत होती. नानांच्या आजारपणात आणि नंतर, आमच्यात जे काही थोडंबहुत आटलं त्याला इतरही कारणं होती, ती इथे सांगण्यासारखी नाहीत. पण त्याची सुरुवात त्या पाडव्याच्या जेवणापासून झाली, हे मला माहीत होतं.

आता हा 'पाटा' शब्द. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना तो समजावून सांगायला नको. ट्रकवाल्यांच्या तोंडी तो रोज असतो. पण मुरारला मिस्त्रीसमोर 'पाटा' म्हटलं तर तो वरवंटा आणायला जाईल. आमच्याकडे त्याला 'कमानी' म्हणतात. टांग्याचीही कमानीच आणि मोटारीचीही कमानीच. घरात आम्ही पाटा म्हणतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की कमानी म्हणतो, हे करताना आपण काही बदललं असं वाटतही नाही. माझी धाकटी बहीण बेळगावला दिली आहे, तिच्या घरी मराठी आणि कानडीचं असंच चालतं. खरं तर दोन्ही शब्द चांगले आहेत. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचायच्या, सर्वांत लांब वर, मग क्रमाने आखूड. त्यांना मधोमध एका बोल्टनं गाठायचं आणि सगळ्या चवडीला धनुष्यासारखा बाक द्यायचा. आकार कमानीचा आणि काम पाट्याचं. आपल्यावर ओझं घेऊन बसू द्यायचं. अँबॅसडरच्या मागच्या आसाला असे दोन पाटे असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. पाट्याचं पुढचं टोक गाडीच्या अंगाला पक्कं असतं. मागचं टोक 'शॅकल' नावाच्या झुलत्या कडीला अडकवलेलं, कारण ओझं आलं की बाक कमी होतो, पाटा लांबतो, आणि त्या लांबण्याला जागा लागते.

२०२१ मध्ये मी निवृत्त होऊन मुरारला परत आलो. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. २०२३ मध्ये गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यायची पाळी आली. पंधरा वर्षांवरच्या गाडीला ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि त्याआधी गाडी तपासून घ्यावी लागते. बहिणीनं बेळगावहून फोनवर सांगितलं, "भंगारात दे आता. ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्स निम्मा होतो, नवी लहान गाडी घे." सल्ला शहाणपणाचा होता. भंगारवाल्याला विचारलं तर त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, आणि गाडीचं नव्हे, पत्र्याचं वजन सांगितलं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "देऊन टाक. पण देण्याआधी एकदा सरळ कर. वाकडी गाडी दारातून घालवू नये."

म्हणून मी ती सरळ करायला निघालो.

पहिल्या वर्कशॉपचं नाव सांगत नाही. तिथल्या तरुण मुलानं गाडी मागून पाहिली आणि जे मी चौदा वर्षं म्हणत होतो तेच म्हणाला, "बाबूजी, सीधी तरफ की कमानी बैठ गई है." मला बरं वाटलं. आपलं निदान दुसऱ्यानं मान्य केलं की माणूस पैसे द्यायला तयार होतो. उपायही त्यानं तिथेच सांगितला. उजव्या पाट्यात एक जादा पट्टी घालायची. साडेतीन हजार रुपये दिले. गाडी घरी आणली. उजवी बाजू उचलली गेली खरी, पण पुरती नाही, आणि आता उजवं मागचं चाक रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची बातमी थेट पाठीला कळवू लागलं. गाडी अजून कललेलीच, शिवाय एका पायानं ताठ. आई एक फेरी करून आली आणि म्हणाली, "आधी लंगडी होती, आता लंगडी आणि रागीट झाली."

तेव्हा मला बारादरीजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रींची आठवण झाली. सत्तरी ओलांडलेले, गॅरेज आता मुलगा बघतो. अँबॅसडर टॅक्सींच्या काळातला माणूस. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. म्हणाले, आधी नापून आणा. मोजून आणा म्हणजे काय मोजायचं, ते त्यांनी मला तासभर बसवून शिकवलं. तोपर्यंत मला वाटत होतं की गाडी कललेली आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, त्यात मोजायचं काय.

पहिली गोष्ट जमीन. आमच्या छपराखाली दगडी फरशी आहे. ती मला जन्मापासून सपाट वाटत आलेली. गवंड्याकडून पाण्याची नळी आणली, ती पारदर्शक प्लास्टिकची, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं ती. लावून बघतो तर फरशीला मोरीकडे चांगला अर्धा इंच उतार, आणि मोरी उजवीकडे. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जी कललेली गाडी बघत होतो तिच्यातला काही भाग गाडीचा नव्हताच, घराचा होता. मग उजव्या चाकांखाली तेवढ्या जाडीच्या फळ्या घातल्या. दुसरी गोष्ट टायर. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आणि मागच्या दोन्हींत सारखी हवा. तिसरी गोष्ट, डिकी रिकामी. चौथी, गाडी दोन्ही बाजूंनी दाबून चार-पाच वेळा हलवायची आणि थोडी पुढेमागे लोटायची, म्हणजे पाटे आणि रबरी बुश जिथे अडकून बसले असतील तिथून सुटून आपल्या जागी येतात. आणि मग मोजायचं ते जमिनीपासून नाही. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं की टायर मध्ये येतो.

जादा पट्टी तेव्हा पाट्यात होतीच, तरी उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली. पट्टी घालण्याआधी ती सव्वा इंच खाली असल्याचं वर्कशॉपच्या मुलानंच मोजून सांगितलं होतं. मी आकडे घेऊन गेलो. मिस्त्रींनी कागद बघितला आणि विचारलं, "और आगे?"

पुढचं मी मोजलंच नव्हतं. पाटा मागे, कल मागे, पुढे कशाला मोजायचं? घरी येऊन पुढची चाकं मोजली. पुढे डावी बाजू उजवीपेक्षा इंचभर वर होती. चौदा वर्षांत ते कुणी पाहिलं नव्हतं, कारण छपराखाली गाडीचं तोंड भिंतीकडे असतं आणि आम्हाला दिसते ती तिची पाठ.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले. त्यांनी मागची चाकं दगड लावून अडवली, पुढच्या आडव्या तुळईच्या अगदी मधोमध एकच जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून बोटभर सुटेपर्यंत गाडी वर घेतली. दोन्ही बाजूंना आधाराचे स्टँड ठेवले, पण गाडीला चिकटू न देता, जरासे खाली. जॅक सुटलाच तर गाडी त्यावर यावी म्हणून. आता गाडी पुढून एका बिंदूवर आणि मागून दोन पाट्यांवर. म्हणजे पुढच्या डाव्या-उजव्याचा मागच्यावर काही जोर राहिला नाही. "अब पीछे नापो," ते म्हणाले.

मी मोजलं. उजवी बाजू वर आली होती. डावीपेक्षा चांगली वर. मी पुन्हा मोजलं.

"कमानी ने कुछ नहीं किया था, बाबूजी. उसे पीछे से मार दिया आपने. मर्ज आगे है."

वाचकांनी घरातला चौरंग आठवावा. सपाट जमिनीवर चौरंगाच्या पुढच्या डाव्या पायाखाली कागदाची घडी घातली, तर चौरंग कशावर उभा राहतो? त्या पायावर आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातल्या, मागच्या उजव्या पायावर. ओझं या दोघांवर जातं आणि उरलेले दोन पाय मोकळे होतात. गाडीचं असंच. पुढचा डावा कोपरा कुणी उंच करून ठेवला की तिरपं वजन मागच्या उजव्या पाट्यावर जाऊन बसतं. पाटा बिचारा दाबला जातो, आणि बघणारा म्हणतो, पाटा बसला. अँबॅसडरला पुढे पाटे नसतातच. तिथे प्रत्येक चाकाला एक लांब पोलादी दांडा असतो, टॉर्शन बार. चाक वर गेलं की हा दांडा पिळला जातो आणि पीळ सुटताना चाक परत खाली येतं. दांड्याच्या टोकांना दाते असतात. तो एका दात्यानं इकडेतिकडे बसवला की त्या कोपऱ्याची उंची बदलते. ही सगळी रचना इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची. आपल्याकडे १९५७-५८ च्या सुमारास ती अँबॅसडर या नावानं आली आणि पुढे पन्नास वर्षांहून जास्त काळ रस्त्यावर राहिली.

मिस्त्री गाडीखाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा हात पुसत म्हणाले की डाव्या बाजूचा दांडा कुणीतरी काढून परत बसवलेला आहे, आणि बसवताना जास्त पीळ देऊन बसवलाय. खालचा हातही बदललेला दिसतो. एवढं काम कुणी हौसेनं करत नाही. हे आगेचं चाक कशाला तरी आपटलंय. कधी?

मला माहीत नव्हतं. दादालाही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

नानांची एक वही होती. हिशेबनीस माणूस, गाडीत घातलेलं लिटरन् लिटर पेट्रोल आणि बदललेला बल्बसुद्धा त्यात लिहिलेला. ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात होती, तशीच. मी कधी उघडली नव्हती. जुलै २००९ च्या पानावर त्यांच्या बारीक तिरप्या अक्षरात एक ओळ निघाली. पुढचे डावे, काम, रु. २,१००. बाकी प्रत्येक नोंदीत काय बिघडलं, कुठे दुरुस्त केलं, पावती मिळाली की नाही, सगळं असे. या एका नोंदीत फक्त आकडा.

आई ओट्यावर भाजी निवडत होती. मी वही तिच्यापुढे धरली. तिनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"मालनपूर," ती म्हणाली.

गिरणी बंद झाल्यावर नानांचे एक सहकारी भिंड रस्त्यावर मालनपूरच्या एका कारखान्यात लागले होते. ते आजारी होते म्हणून नाना आणि आई त्यांना बघायला गेले होते. परत येताना अंधार पडला. समोरून ट्रकचे दिवे आले, नानांना दिसेना, गाडी डावीकडे गेली आणि पुढचं चाक रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्याला आपटून खाली गेलं. कुणाला लागलं नाही. आईच्या हातातला डबा सांडला, इतकंच. गावातल्या लोकांनी गाडी उचलून वर घेतली. नानांनी वाटेतल्याच एका मिस्त्रीकडून चार दिवसांत काम करून घेतलं आणि दादाला सांगितलं की गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे.

"मला का नाही सांगितलं?"

"तू त्याच उन्हाळ्यात म्हणाला होतास ना, मोतीबिंदूनंतर आता गाडी चालवणं बंद करा म्हणून. तू किल्ली काढून घेतली असतीस."

मी घेतली असती. त्यात शंका नाही.

"आणि पाडव्याला मी दादाला बोललो तेव्हा?"

आईनं भाजीच्या काड्या बाजूला केल्या. "ते रात्री झोपले नाहीत. म्हणाले, उद्या सांगतो. मग तू नाशिकला गेलास. मग म्हणाले, पुढच्या दिवाळीला सांगतो." थोडं थांबून ती म्हणाली, "मीही सांगितलं नाही. मला वाटलं, गाडीच ती, तिच्यापायी कुणी काय मनात धरतं?"

मला आठवलं की नंतर मी दोनदा नानांना म्हटलं होतं, पाटा बदलून घेऊ, खर्च मी करतो. दोन्ही वेळा ते म्हणाले होते, असू दे. मला तो चिकटपणा वाटला होता. ज्या माणसाला गिअरच्या मुठीवरचा ओरखडा सहन होत नसे तो मागची बाजू कललेली का चालवून घेतो, हे मला विचारायला हवं होतं.

दुरुस्तीचं पुढचं सांगतो, कारण ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना ते उपयोगी पडेल. आधी जादा पट्टी काढली. मग डाव्या दांड्याची मागची बैठक सोडवून तो एक दाता मागे घेतला. गाडी खाली घेतली, हलवली, मोजली. पुढे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. मग मागच्या पाट्यांच्या बुशांकडे वळलो. रबर दगडासारखं झालेलं. नवे बुश घालताना मिस्त्रींनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट आवळायचे नाहीत. नुसते हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन पाट्यांवर येऊ द्यायचं आणि मगच पाना फिरवायचा. नाहीतर रबर लोंबत्या स्थितीत चिमटीत सापडतं आणि ती बाजू कायमची वर धरून ठेवतं. अशा चुकीनं कलणाऱ्या गाड्या आपण पुष्कळ पाहिल्यात, असं ते म्हणाले. ज्यांचा पाटा खरोखर बसलेला असेल त्यांनी दोन्ही पाटे एकदम खोलून घ्यावेत, एकच नव्हे. थंड पट्टी ऐरणीवर ठोकून बाक देणारा कारागीर मिळाला तर उत्तम. गॅसची ज्योत लावून वाकवू देऊ नका. पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा महिन्याभरात पुन्हा बसतो. आसाखाली एकाच बाजूला लोखंडी ठोकळा घालून गाडी सरळ दाखवणारेही असतात. ती फसवणूक गाडीला कळते. आणि पाट्यावर संशय असेल तर सर्वांत स्वच्छ परीक्षा म्हणजे डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघणं. कल पाट्याबरोबर गेला तर दोष पाट्याचा; जागेवर राहिला तर दुसरीकडे शोधा. पुढची उंची बदलली की चाकांचं अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोतही पुन्हा लावून घ्यावा लागतो, तेही केलं.

हे सगळं होऊन पन्नासेक किलोमीटर गाडी फिरवली आणि शेवटचं मोजलं. पुढचा भाग मधोमध जॅकवर घेऊन मागे पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा उजवी बाजू पाव इंच खाली. तेवढं मात्र पुढच्या दांड्याचं नव्हतं. ते पाट्याचंच.

संध्याकाळी थाटीपूरला गेलो. दादा पुढच्या खोलीत पेपर वाचत होता. मी त्याच्यासमोर वही ठेवली आणि ते पान उघडून दिलं. मग जॅकचं, दांड्याचं, मालनपूरचं, सगळं सांगितलं. मध्येच वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. मी सांगून संपलो तरी दादा त्या एका ओळीकडेच बघत होता. मला वाटलं, आता तो मला काही बोलेल. बोलायला हवंच होतं.

"चौऱ्याहत्तर वर्षांचे होते," तो म्हणाला. "अंधारात, भिंड रोडवर." मग त्यानं वही मिटली. "मला सांगितलं असतं तर मी नेलं असतं गाडीनं. पण गाडी तर मी बांधकामाला लावली होती ना. कुठल्या तोंडानं मागणार ते मला."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हणालो, "दादा, मागे अजून पाव इंच आहे. उजवीकडे."

"तेवढा माझा," तो म्हणाला. वहिनी पहिल्यांदा हसली. "सिमेंट वाहिलं होतं मी. पाव इंच राहू दे तसाच."

नोंदणी झाली. २०२८ पर्यंतची. भंगारवाला पुन्हा एकदा येऊन गेला, त्याला आईनंच फाटकावरून परत लावलं. जादा घातलेली पट्टी आता अंगणात पडून आहे, पावसात गंजते. तिला काही उपयोग सुचलेला नाही.

त्या वर्षी धनत्रयोदशीला आईला लष्करात महाराज वाड्यावर जायचं होतं. बोळकी, पणत्या आणि एक पितळेची पळी घ्यायची होती. दादा स्कूटरवरून आला, आत लावली, माझ्याकडे हात केला. मी किल्ली दिली. तो बसला, सीट मागे घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला. आरशातून त्याला आई दिसली असावी, कारण तो वळून म्हणाला, "आई, आता सरळ बस. गाडी सरळ झालीय."

आई मागच्या सीटवर डाव्या खिडकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

"झाली असेल," ती म्हणाली. "तू चालव."